खाण संपलेल्या जमिनीवर गावठी झाडं कशी उभी करायची? (माण, सातारा)

माळावरचा:
नमस्कार मंडळी. दहिवडीकडं आमची चार एकर माळाची जमीन आहे, ती मुरूम-डबरासाठी खाणीला दिली होती, आता करार संपत आलाय. ठेकेदार म्हणतोय जाताना पोकलेननं सगळं सपाट करून वर रोलर फिरवून देतो, एकदम ग्राउंड. वडील खूश आहेत. मला तिथं आपलीच झाडं आणायचीत, हिवर, खैर, बोर, पळस असली, गुलमोहर-निलगिरी नको. पाणी म्हणजे खाणीच्या खड्ड्यात साठतं तेवढंच, ते पण होळीपर्यंत. वरची माती सुरुवातीलाच काढून बांधाला ढीग लावलाय. जून तोंडावर आलाय, आधी काय करू?

आटपाडीकर:
दादा, पहिलं काम म्हणजे तो रोलर थांबवा. सपाट जमीन दिसायला छान पण झाडाला ती फरशीच, पाणी वरनं पळून जातं आणि मूळ खाली जात नाही. ठेकेदाराला सांगा पोकलेन आहे तोवर मुरूम चार फुटापर्यंत उकरून सैल टाक आणि तसाच ओबडधोबड सोड, डंपरचे ढीग शेजारी शेजारी राहिले तरी चालतील, खड्डे-उंचवट्यात पाणी आणि पालापाचोळा अडकतो. फक्त खाणीच्या उभ्या कड्याला उतार देऊन घ्या, गुरं-पोरं पडायची भीती असते.
अमेरिकेत अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या कोळसा खाणींवर हेच झालं. १९७७ च्या कायद्यानंतर खाणी बुजवून, यंत्रानं दाबून वर दाट गवत पेरलं, धूप थांबली पण झाडं वाढेनात, मग तिथल्या जाणकारांनीच सांगायला सुरुवात केली की वरचा चार फूट थर सैल ठेवा आणि गवत विरळ पेरा. त्यांचा पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी ही गत, मग माणमध्ये काय होईल बघा.
एक पाऊस झाला की पहार मारून बघा. ठण्ण आवाज येऊन वीतभर पण जात नसेल तर तिथं झाड लावायच्या भानगडीत पडू नका, आधी उकरा.

रानबी:
आटपाडीकरांशी शंभर टक्के सहमत. त्यात भर एवढीच की सगळीकडं रोपंच पाहिजेत असं नाही, बाभूळ, हिवर, खैर, बोर यांचं बी थेट टोकलेलं बरं पडतं. पिशवीतल्या जुन्या रोपाची मुळं तळाला गोल गोल गुंडाळलेली असतात, बियातनं आलेलं झाड मात्र वर चार पानं दिसायच्या आधी खाली मूळ सोडतं आणि आपल्याकडं पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये दडी मारतो तेव्हा तेच तग धरतं. बाभळीच्या बिया मेंढवाड्यातल्या लेंड्यांमधनं वेचा, जनावराच्या पोटातनं आलेलं बी लवकर उगवतं, नाहीतर कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा. पळस आणि कडुनिंबाचं बी मात्र ताजंच लावा, साठवलं की उगवण जाते.
झुडपं विसरू नका हो! तरवड, हेकळ, निर्गुडी, करवंद. तरवडाला शेळी तोंड लावत नाही आणि तो मुरमात सुद्धा मस्त येतो, त्याच्या आडोशाला बाकीची रोपं वाचतात. ढिगातली माती सगळीकडं पातळ पसरू नका, पुरणार नाही, आळ्याआळ्यातच टाका. आणि शेजारच्या जुन्या बाभळीखालची ओंजळभर माती प्रत्येक आळ्यात, मुळांवर गाठी धरून झाडाला नत्र पुरवणारे जिवाणू तिच्यात असतात, खाणीच्या मुरमात ते नसल्यातच जमा.

सह्याद्री_७७:
गिरिपुष्प लावा की, फांद्या रोवल्या की झालं, पाला पण भरपूर पडतो.

रानबी:
दादा पाला पडतो खरं, पण ते बाहेरचं झाड आहे आणि यांना गावठी रान हवंय. बांधाला एखादी ओळ ठीक, आत नको. वेडी बाभूळ (ती पण बाहेरचीच) तर न बोलावता येणार, ती लहान असतानाच मुळासकट काढा, मोठी झाल्यावर तोडली तर बुंध्यातनं दुपटीनं फुटते.

माळावरचा:
खूप खूप आभार, ठेकेदाराला आजच फोन केला, कुरकुरला पण तयार झालाय. क्रशरजवळ एका कोपऱ्यात दगडाची भुकटी साठलीय, तिथं काय करू? आणि गावातली शेळ्या-मेंढरं?

आटपाडीकर:
भुकटी पाण्यानं थापली जाते आणि वाळली की पापुद्रा धरते, बी वर येत नाही. पोकलेन आहे तोवर खड्ड्याच्या तळाला ढकलून वर मुरूम घ्या. तळ्यातला गाळ मिळाला तर तो थोडा आळ्यात मिसळा, नुसता गाळ भरला की उन्हाळ्यात भेगा पडतात.
शेळ्यांना अडवायला बोरीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण, पण त्याआधी मेंढपाळांशी बसून बोला. झाडं डोक्याच्या वर जाईपर्यंत चराई बंद, तोवर गवत कापून न्यायला मोकळीक, असं ठरलं की लोक ऐकतात, नुसतं कुंपण घालून भांडणं होतात. पवन्या, मारवेल असलं गवत आपोआप येईल, आळ्याभोवती हातभर तेवढं काढत जा. आणि दिवाळीनंतर गवत वाळलं की कडेनं जाळपट्टा (आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा) काढायला चुकू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये माळाला कोणीतरी काडी लावतंच.

रानबी:
बिया हव्या असतील तर तरवड आणि हिवराच्या आहेत माझ्याकडं, मेसेज करा, पहिल्या पावसाआधी पोचवते.