मदत हवी आहे: एमपी३ प्लेअर चुकून फॉरमॅट झाला, लांब रेकॉर्डिंग अर्धवट मिळतायत

मंडळी, पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला गेलो आणि शेजारी लावलेला ८ जीबीचा जुना एमपी३ प्लेअरच फॉरमॅट केला. क्विक फॉरमॅट, फाइल सिस्टम (फायली मांडून ठेवायची पद्धत) आधी एफएटी३२ होती, आता एक्सफॅट झालीय. त्यात बाबांच्या डबलबारीची (दोन बुवांचा भजनाचा सामना) रेकॉर्डिंग होती, मालवण-कुडाळकडच्या जत्रांतली, दुसरी कॉपी कुठेच नाही आणि बाबा आता गात नाहीत.

मेमरी आतलीच आहे, कार्ड नाही. नंतर त्यात काहीच टाकलेलं नाही. आधी लॅपटॉपवर अख्ख्या प्लेअरची इमेज (जशीच्या तशी पूर्ण नक्कल) घेतली आणि फोटोरेक, म्हणजे गेलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर, त्या इमेजवरच चालवलं, फायली मिळाल्या पण नावं गेली, ते चालेल, आवाजावरून ओळखेन मी. खरा घोळ लांब फायलींचा आहे, एका बारीत गजर रंगात आलाय, पखवाज चढलाय आणि १२व्या मिनिटाला मधेच भलतंच गाणं सुरू होतं. म्हणजे फाईल तुकड्यांत होती आणि पुढचा तुकडा कुठे ते सांगणारं टेबलच गेलंय असं वाटतं.

टेस्टडिस्क (बिघडलेलं पार्टिशन, बूट सेक्टर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) अजून लावलं नाही, भीती वाटते. प्लेअर बाहेर पाठवायचा नाहीये, आणि गावात नेट इतकं स्लो की इमेज अपलोड करणं जमणार नाही, जे करायचं ते घरीच विंडोज १० वर.

तर एफएटी३२ मध्ये टेबलच्या दोन कॉप्या असतात ना, त्यातली दुसरी एक्सफॅट फॉरमॅटनंतरही वाचलेली असू शकते का, आणि इमेजच्या कॉपीवर टेस्टडिस्कने जुना बूट सेक्टर (मेमरीची मांडणी सांगणारा सुरुवातीचा भाग) परत बांधून ती वापरता येईल का? कुणी केलंय का असं?