बॉर्न आणि धुक्याची रात्र

दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांपैकी बहुतेक विमानभेदी तोफांनी आणि रात्रीच्या लढाऊ विमानांनी पाडली, असं म्हणतात ते खरंच. पण घरी पोचून मेलेल्यांना त्या हिशेबात कुणी धरलेलं दिसत नाही. १६ डिसेंबर १९४३ ला बर्लिनवर गेलेल्यांपैकी २५ लँकेस्टर शत्रूमुळे गेली. परतल्यावर इंग्लंडवरच्या धुक्यात आणि खाली टेकलेल्या ढगांत आणखी २९! केंब्रिजजवळच्या बॉर्न तळावरच्या ९७ स्क्वॉड्रनची सात विमानं अशी गेली. सात-आठ तास उडून टाक्या जवळजवळ रिकाम्या, खाली धावपट्टीचे दिवेही दिसेनात. दोन विमानांतल्या लोकांनी तर पॅराशूट बांधून सरळ उड्या टाकल्या, आणि त्याच शहाणपणाच्या ठरल्या.

यावर तोड होती 'फिडो' नावाची: धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी नळ टाकायचे, त्यांतून पेट्रोल पेटवायचं आणि त्या धगीने धुकं विरळ करायचं. पेट्रोलच्या टंचाईत हजारो गॅलन असे जाळायचे, ऐकायलाच वेडेपणा वाटतो. शेजारच्या ग्रेव्हली तळावर ते बसवलेलं होतं, बॉर्नला नव्हतं.