नियम सगळे पाळतोय पण आतून कोरडं वाटतंय, मदत हवी आहे

सलाम मंडळी. मी नगरकडचा, प्रोटेस्टंट घरातला. रोज पहाटे ५ ला उठून ३ अध्याय, रविवारी ५, म्हणजे वर्षात बायबल पूर्ण होतं, असं ४ वर्षं चाललंय. दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला देणं) चुकत नाही, उपासना चुकत नाही, लेंटचे म्हणजे ईस्टरआधीच्या ४० दिवसांतले उपवासही करतो. पण परवा वहीत अध्यायापुढे टिक केली आणि लक्षात आलं की आत्ता काय वाचलं ते एक ओळही आठवत नाहीये, फक्त टिक केल्याचं समाधान होतं.

काय करून पाहिलं: महिनाभर वही बंद ठेवली, तर नुसतं अपराधी वाटत राहिलं आणि वाचनही सुटलं. आमच्या पाळकांना (चर्चचे पास्टर) विचारलं, ते म्हणाले प्रार्थना वाढवा, म्हणजे परत अजून एक नियमच. बायबलमधलं गलतीकरांस पत्र दोनदा वाचलं, कृपा, म्हणजे देव नियम पाळल्यामुळे नाही तर तसाच स्वीकारतो, हे डोक्याला पटतं हो, मनात उतरत नाही. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला, घरीच राहून राबणारा मोठा भाऊ वाचताना तर रडू आलं, इतकी वर्षं बापाच्या घरात राबतोय आणि बापाशी बोलणंच नाही, तो मीच आहे.

आमचं चर्च सोडायचं नाहीये, दुसऱ्या पंथात जायचं नाहीये. झोप, जेवण, काम नीट आहे, तसला त्रास नाही. शिफ्टमुळे सकाळचा अर्धा तासच मिळतो.

जे यातून गेलेत त्यांनीच सांगा, त्या अर्ध्या तासात तुम्ही नेमकं काय बदललंत? वाचन कमी करून एकाच उताऱ्यावर थांबलात, का नुसतं शांत बसलात, आणि तेव्हा येणारी अपराधी भावना कशी गेली?