खांद्यावरची क्षेपणास्त्रं: हेलिकॉप्टरला फ्लेअर पुरतात का?

रानपाखरू:
कारगिल युद्धात २८ मे १९९९ ला तोलोलिंग शिखरावर आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, चौघे गेले. त्यावर फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवायला सोडायची जळती काडतुसं) नव्हते असं वाचलंय. असते तर वाचलं असतं का? आणि आता 'प्रचंड' या आपल्या लढाऊ हेलिकॉप्टरवर सगळी यंत्रणा आहे, म्हणजे धोका संपला का?

चक्रधर:
शक्यता वाढली असती, इतकंच. क्षेपणास्त्राच्या नाकातला, नुसत्या उष्णतेमागे धावणारा जुना शोधक फ्लेअरला फसतो. स्टिंगर या खांद्यावरच्या अमेरिकन क्षेपणास्त्राचा सुधारित शोधक अवरक्त आणि अतिनील दोन्ही पाहतो. मॅग्नेशियमचा फ्लेअर अतिनीलमध्येही झळाळतो, हेलिकॉप्टर मात्र आकाशापुढे काळं दिसतं. झाला फरक.
दुसरी अडचण वेळेची. ३ किमीवरून आलेलं क्षेपणास्त्र साधारण ५ सेकंदांत पोचतं. धूर दिसल्यावर बटण दाबू म्हणाल तर उशीर झालेला असतो. म्हणून क्षेपणास्त्राचा इशारा देणारा सेन्सर नसेल तर हल्ल्याच्या फेरीत आधीपासूनच फ्लेअर सोडत राहावे लागतात. फ्लेअर सोडणाऱ्या रशियन एएसओ-२व्ही पेटीत काडतुसं ३२. किती फेऱ्या पुरणार?

गिरिशिखर:
+१. त्यात कारगिलचा भूगोल. इग्ला-एस या रशियन खांद्यावरच्या क्षेपणास्त्राची उंचीची मर्यादा साडेतीन किमी, पण ती डागणाऱ्याच्या जागेपासून मोजायची! तो कड्यावर बसलेला, हेलिकॉप्टर त्याच्या समोर नाहीतर खाली. मागे बर्फ, त्यावर गरम इंजिन उठून दिसणारच. एक्झॉस्टमध्ये थंड हवा मिसळणारे सप्रेसर लावले तर इंजिनची थोडी ताकद जाते, आणि १५,००० फुटांवर रॉकेट घेऊन उडताना ती मुळातच शिल्लक नसते. त्या घटनेनंतर एमआय-१७ हल्ल्यातून काढून घेतली ती उगाच नाही.

चक्रधर:
आता 'प्रचंड'. त्यावर साब या स्वीडिश कंपनीचा संच आहे: रडार, लेझर आणि क्षेपणास्त्राचा इशारा देणारे सेन्सर, त्यांना जोडलेला फ्लेअर सोडणारा डिस्पेन्सर. म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांवर भिस्त नाही. पण अतिनील सेन्सर क्षेपणास्त्राच्या मोटरची ज्वाळा पाहतो. मोटर विझली की क्षेपणास्त्र नुसत्या वेगावर येत राहतं आणि सेन्सरला काही दिसत नाही. शिवाय खोट्या इशाऱ्यांवर फ्लेअर वाया जातात.

रानपाखरू:
मग शोधकावर लेझर मारून त्याला आंधळा करणारी यंत्रणा?

गिरिशिखर:
ती अवरक्त शोधकापुरती. ब्रिटिश स्टारस्ट्रीक क्षेपणास्त्राच्या नाकात शोधकच नाही. डागणारा लक्ष्यावर लेझर धरून ठेवतो आणि त्याचे तीन बाण मागे बघत त्या किरणावरून जातात, ध्वनीच्या तिपटीहून जास्त वेगाने. फ्लेअर टाका नाहीतर लेझर मारा, उपयोग शून्य. पाकिस्तानकडचं आरबीएस-७० क्षेपणास्त्र तिपाईवरचं आहे, पण तेही किरणावरूनच चालतं. अशा वेळी एकच उपाय, डोंगराआड जाऊन नजर तोडायची.
खरा बचाव अंतराचा. २०२३ मध्ये युक्रेनच्या दक्षिणेत रशियाची केए-५२ लढाऊ हेलिकॉप्टरं सुमारे ८ किमीवरून विखर क्षेपणास्त्रं डागत होती. स्टिंगरचा पल्ला ५ किमीच्या आतबाहेर. याउलट नाक वर करून लांबून फेकलेली साधी रॉकेटं: हेलिकॉप्टर वाचतं, नेम मात्र देवाच्या भरवशावर.