मित्राने गाडी मागितली, मी नाही म्हणालो. चुकलं का?

स्टेपनी

एका जुन्या मित्राला सहकुटुंब फिरायला जायचंय, त्यासाठी त्याने माझी गाडी मागितली. मी नाही म्हणालो. तेव्हापासून तो तुटक बोलतो, आणि बाकीचे मित्र मलाच सुनावतायत की एवढं काय त्या गाडीचं!

मला नकार बरोबरच वाटतो. तो वाईट चालवतो म्हणून नव्हे, माझ्यापेक्षा त्याचाच हात जास्त बसलेला आहे. पण उद्या दार कुठे घासलं तर? त्याने पैसे देऊ केले तर मला घ्यायला अवघड वाटणार, आणि नाही देऊ केले तर ते माझ्या मनात राहणार. भाड्याच्या गाडीला करार असतो, कुठला ओरखडा कुणाच्या माथी हे सही करतानाच ठरतं. मित्राकडून असं काही लिहून घेणं मला जमणार नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं असेल तर कारणही न विचारता किल्ली देईन. सहलीसाठी नाही. तुम्हाला काय वाटतं?

पारिजात

साफ असहमत. "दवाखाना चालेल, सहल नाही" ही रेघ गाडीचा मालक आपल्या सोयीने ओढतो.

माझ्या आईचं रेडिएशन चालू होतं, आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे. तुमच्या व्याख्येत हे तातडीचं बसत नाही. वेळा ठरलेल्या होत्या, टॅक्सीही मिळत होती. पण तिला मळमळायचं, आणि परक्या गाडीत उलटी झाली तर काय, या धास्तीने ती काचेला चिकटून, तोंडावर रुमाल धरून बसायची. मैत्रिणीने तिची गाडी आमच्याकडेच ठेवली. मागच्या सीटवर जुनी चादर, हाताशी झाकणाचा डबा, वाटेल तिथे थांबायची मोकळीक. पहिल्याच दिवशी आई येताना गाडीत झोपली. गाडी कुठेतरी घासली असती तर मी भरून दिलं असतं, त्यात अवघड काय? ज्याच्याशी पैशाचं बोलता येत नाही, त्याला जुना मित्र तरी का म्हणायचं?

नटबोल्ट

ओरखड्यांचं एवढं मनावर घेऊ नका. खरं नुकसान दिसतच नाही. वर्कशॉपमध्ये काम करतो, त्यामुळे उसन्या गाड्यांची दुखणी नेहमी बघतो.

मालकाला गाडीचा आवाज ओळखीचा असतो, दुसऱ्याला नसतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळायला लागलं की तापमानाचा काटा लालकडे सरकतो. मालक तिथेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करतो. उसनी घेतलेला माणूस "मुक्कामाला पोचलो की बघू" म्हणत पुढे जातो. तेवढ्यात हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) जातं, कधी सिलिंडर हेडच वाकतं आणि इंजिन खोलावं लागतं. क्लचचंही तसंच. चढावर हाफ क्लचवर गाडी धरायची सवय असलेल्याच्या हातात गाडी गेली की प्लेट जळते, पण घसरायला लागते ती मालकाच्या हातात परत आल्यावर. मग ती कुणी जाळली हे सिद्ध कसं करणार? यावरून बोलेनासे झालेले मित्र मी काउंटरवर पाहिलेत. माझा कौल नकाराला.

कलम

वाद मैत्रीचा चाललाय, पण किल्ली देण्याआधी पॉलिसी वाचा. नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये साधारणपणे पॉलिसीवर नाव असलेल्या चालकांनाच संरक्षण मिळतं, आणि विमा नसलेल्या माणसाला गाडी चालवू देणं हा मालकाचाही गुन्हा ठरतो. भारतात विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने, वैध परवाना असलेला कुणीही चालवू शकतो. मात्र परवाना नसलेल्याला गाडी दिली तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५ खाली मालकही अडकतो. म्हणून मित्र कितीही जुना असो, परवान्याची मुदत बघून घ्या.

दोन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात. पॉलिसीतला मालक-चालकाचा अपघात विमा मालकाचा असतो, मित्राचा नव्हे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००९च्या एका निकालानुसार गाडी उसनी घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे त्या गाडीच्या विम्याकडे तो त्रयस्थ म्हणून भरपाई मागू शकत नाही. म्हणजे चालवताना मित्राचंच काही बरंवाईट झालं, तर त्याच्या घरच्यांच्या हाती काहीच न लागण्याची शक्यता असते. दाराच्या ओरखड्यापेक्षा मला याची चिंता जास्त वाटते.

आणखी एक. मित्राकडून "भाडं" घेऊ नका. खाजगी गाडी पैसे घेऊन दिली की क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. त्याने इंधन भरावं, बस्स.

उसनवार

मी मागणाऱ्यांपैकी आहे, तर आमचीही बाजू ऐका. माझ्याकडे गाडी नाही आणि घ्यायचीही नाही, वर्षातून क्वचित लागते. मी मागतो तेव्हा "नाही" ऐकायची तयारी ठेवूनच मागतो. नकाराने मला कधी वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटतं ते "बघतो", "सर्व्हिसिंगला टाकायचीय", "भावाला हवीय" या टोलवाटोलवीचं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी रस्त्यात दिसते.

घेतो तेव्हा मालकासमोर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढतो, टायरची हवा आणि ऑइल बघतो, टाकी भरून परत करतो. काही झालं तर दुरुस्ती माझी, आणि क्लेम केल्यामुळे त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला तर पुढच्या हप्त्यात वाढणारा फरकही माझा, हे मीच आधी बोलून टाकतो. हे बोलायचं काम मागणाऱ्याचं आहे. स्टेपनी, तुमचा मित्र असं काही बोलला होता का?

स्टेपनी

नाही बोलला. मीही विचारलं नाही, सरळ "मी गाडी कुणाला देत नाही" म्हणालो.

पारिजात, तुमच्या आईसारखी वेळ असती तर मीही दिली असती. तातडीची माझी व्याख्या अपुरी होती, मान्य. पण त्यावरून सहलीलाही गाडी द्यावी असं निघत नाही. कलम यांनी लिहिलेलं वाचून तर नकार आणखी पक्का झालाय. अनोळखी घाट, गाडीत त्याची मुलं, आणि काही झालं तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळेलच असं नाही. हे माहीत असताना मी किल्ली देऊ शकत नाही.

पारिजात

मग हेच त्याला सांगा ना! "कुणाला देत नाही" हे ऐकून त्याला काय वाटलं असेल? की तुमच्या लेखी तोही "कुणी"तलाच एक. "तुझ्या नावावर विमा नाही आणि गाडीत तुझी मुलं असणार" असं कारण दिलंत तर रागवायला जागाच राहत नाही. आणि त्याने स्वतःचा वेगळा अपघात विमा असल्याचं दाखवलं, तर? तरी नाहीच म्हणणार असाल, तर तुमचं खरं कारण विमा नाही.

स्टेपनी

तसा विमा असेल तर मला नव्याने विचार करावा लागेल, हे कबूल. क्लचबद्दलची धास्ती तरीही आहेच. आज संध्याकाळी त्याला फोन करतो.

नटबोल्ट

दिलीत तर एक करा. काटा लालकडे गेला की जिथे असेल तिथे गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे त्याला तोंडी सांगाच, शिवाय लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.