२५ हर्ट्झला मोटर तापते, सिम्युलेशन मात्र थंड दाखवतंय

वाइंडिंगवाला_कोल्हापूर:
५ एचपी, ४ पोल, ४१५ व्होल्टची बंद बॉडीची मोटर आहे, पंखा शाफ्टवरच. बगॅस (उसाचा चोथा) कन्व्हेयरवर व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावून २५ हर्ट्झला पूर्ण टॉर्कवर चालवायची आहे. ५० हर्ट्झला सिम्युलेशनमध्ये वाइंडिंग ९६ अंश येतं, टेस्टमध्ये रेझिस्टन्सवरून ९८. पण २५ हर्ट्झला सिम्युलेशन ७९ म्हणतं आणि प्रत्यक्षात १२१ भरलं.

दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स २.४ ओहम टाकलाय, ३० अंशाला मोजलेला. नो-लोडला, म्हणजे शाफ्टवर भार नसताना, मोटर १८० वॅट घेते, त्यावरून घर्षणाचा गुणांक ०.००७३ काढला. आयर्न लॉस (कोअरच्या लोखंडात चुंबकत्वामुळे होणारा) लॅमिनेशनच्या, म्हणजे कोअरच्या पत्र्यांच्या, तक्त्यावरून १०० वॅट. बॉडीवरून हवेत जाणाऱ्या उष्णतेचा गुणांक ५० हर्ट्झच्या टेस्टशी जुळवून घेतला. चुकतंय कुठे?

टेस्टबेड_भोसरी:
५० ला जुळलं, कारण तुम्ही जुळवलंत. आत लॉस जास्त भरले गेले आणि ते बाहेर काढायला गुणांकही जास्त धरला गेला.

त्या १८० वॅटमध्ये आयर्न लॉस आधीच आहे. तो तुम्ही वेगळाही टाकलात, म्हणजे दोनदा मोजला. शिवाय नो-लोडच्या ३.४ अँपिअरला तांब्यात ४२ वॅट जातात, तेही घर्षणात धरले गेलेत. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावा, ४१५ पासून खाली या आणि करंट कमी व्हायचा थांबून उलट वाढायला लागला की थांबा. प्रत्येक रीडिंगमधून तांब्याचा लॉस वजा करून उरलेले वॅट व्होल्टेजच्या वर्गासमोर मांडा. खालच्या व्होल्टेजचे बिंदू सरळ रेषेत येतील. ती रेषा शून्य व्होल्टला जिथे टेकते, तेवढाच मेकॅनिकल लॉस. या साइजला तो ३०-४० वॅटच्या आसपास यावा.

मग काउल (पंख्यावरचं झाकण) आणि पंखा काढून तीच टेस्ट परत घ्या. हे मी अगदी आग्रहाने सांगतोय, बहुतेक जण इथेच कंटाळा करतात. बेअरिंगचा लॉस साधारण वेगाच्या पटीत बदलतो, पंख्याचा वेगाच्या घनात. एकाच गुणांकात दोन्ही कोंबले की निम्म्या वेगाला आकडा हमखास चुकतो. आणि पंख्याचे वॅट मॉडेलमधल्या बॉडीच्या बिंदूला (नोडला) देऊ नका, ती उष्णता बाहेरच्या हवेतच जाते. बेअरिंगचे वॅट एंड शील्डला (बेअरिंग बसतं त्या टोकाच्या झाकणाला) द्या.

रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढू द्या. १२१ अंशाला तुमचे २.४ ओहम ३.२३ होतात. ७.४ अँपिअरला तांब्याचा लॉस १९७ वरून २६५ वॅटवर जातो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निम्म्या वेगाला पंख्याची हवा निम्मी होते. फिन्सवरचा (बॉडीच्या बाहेरच्या पट्ट्यांवरचा) उष्णतेचा गुणांक साधारण ४० टक्क्यांनी घसरतो. तुमच्याकडे तो ५० हर्ट्झचाच राहिलाय.

फिन_आणि_फ्रेम:
कोअर आणि बॉडीमधला सांधा तपासा. प्रेस-फिट असला तरी मध्ये हवेचा पातळ थर राहतो. ३० मायक्रॉन धरा. ४०० वॅट त्यातून जायचे असतील तर एवढ्या कोअरला तिथेच सुमारे ८ अंश पडतात. बऱ्याच मॉडेलमध्ये हा सांधा शून्य धरलेला असतो.

वाइंडिंगवाला_कोल्हापूर:
सर, रविवारी दिवसभर बसून दोन्ही टेस्ट घेतल्या. रेषा ३८ वॅटला टेकली. पंखा काढल्यावर १६. म्हणजे पंख्याचे २२. २५ हर्ट्झला बेअरिंगचे ८ आणि पंख्याचे जेमतेम ३, मिळून ११ वॅट. माझ्या जुन्या गुणांकाने तिथे ४५ येत होते. १५० व्होल्टला ५१, २०० ला ६१, २५० ला ७४ वॅट, बिंदू पट्टी लावल्यासारखे रेषेवर बसले. ते बघून फार बरं वाटलं.

सांध्याचा थर घालून, ५० हर्ट्झला गुणांक नव्याने लावून चालवलं. तिथे ९७, २५ हर्ट्झला ११५.

टेस्टबेड_भोसरी:
उरलेल्या ६ अंशांसाठी आता गुणांक ओढूनताणून बसवू नका. ते १२१ व्हीएफडीवर घेतलंत ना? मग हार्मोनिक्सचा (व्हीएफडीच्या करंटमधल्या जादा फ्रिक्वेन्सींचा) लॉस त्यात आहे, मॉडेलमध्ये नाही. आणि मोटर बंद केल्यावर वाइंडिंग लगेच थंड व्हायला लागतं, तर पहिलं रीडिंग किती सेकंदांनी घेतलं?

वाइंडिंगवाला_कोल्हापूर:
हो, व्हीएफडीवरच. पहिलं रीडिंग ४० सेकंदांनी, मग दर ३० सेकंदांनी, आणि आलेख मागे शून्यापर्यंत नेला. इन्सुलेशन क्लास एफ (१५५ अंशांपर्यंतचं) असलं तरी कारखान्यात उन्हाळ्यात ४५ अंश असतात, त्यामुळे वेगळ्या मोटरवर चालणारा पंखा बसवायचं ठरवलंय. त्याची टेस्ट झाली की रीडिंग इथेच टाकतो.