अनुभव धागा: अ‍ॅनिमेटेड स्पिन-ऑफ घरचा, की नुसता आडनावापुरता?

मुंबईतल्या विज्ञानकथाप्रेमींसाठी हा धागा. प्रश्न जुना आहे, पण नवी मालिका आली की पुन्हा उकळतो. गाजलेल्या चित्रपटातून किंवा मालिकेतून निघालेली अ‍ॅनिमेटेड शाखा त्या विश्वाची खरीखुरी घटक मानायची, की फक्त आडनाव लावणारी? 'आवडली' किंवा 'नाही आवडली' एवढ्यावर थांबू नका. संकलन, डबिंग, चित्रं, मुलांसाठी लावलेले खेळ, ज्याचं जे काम असेल त्यातून तुम्ही हे कसं तपासता आणि कुठे फसगत होते ते लिहा. भागाचं नाव आणि साल जरूर द्या, म्हणजे दुसऱ्याला पडताळता येईल. माझी कसोटी आधी सांगतो: ती शाखा काढून घेतली तर मूळ कथा कुठे उसवते का? उसवली तर ती घरची.

मुलुंडकर, व्हिडिओ संकलन

सुरुवात १९७३ च्या 'स्टार ट्रेक: दी अ‍ॅनिमेटेड सिरीज'पासून करायला हवी, कारण हा वाद तिच्यावरून जितका रंगला तितका क्वचितच कुणावरून रंगला असेल. फिल्मेशन स्टुडिओने २२ भाग काढले, पहिल्या हंगामात १६ आणि दुसऱ्यात ६. मूळ मालिकेत कथा-संपादन केलेल्या डी. सी. फोंटाना इथेही होत्या आणि आवाज बहुतेक मूळ नटांचेच होते. तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडेनबेरींच्या कार्यालयाने ही मालिका कॅननबाहेर, म्हणजे अधिकृत कथेबाहेर ठेवली.

कागदावर बाहेर, पण माल आत येतच राहिला. तपासायचं असेल तर तीन रकाने आखा: आधी कुठे उल्लेख, अ‍ॅनिमेशनमध्ये काय, पुढे प्रत्यक्ष अभिनयात काय. उदाहरणार्थ स्पॉकचा पाळीव प्राणी सेहलॅट. १९६७ च्या 'जर्नी टू बॅबेल'मध्ये तो केवळ संवादात येतो: टेडी बेअरसारखा, पण सहा इंची सुळे असलेला. १९७३ च्या 'यस्टरइयर'मध्ये तो चालताबोलता दिसतो, सात वर्षांच्या स्पॉकच्या मागे वाळवंटात जातो आणि त्याच्यासाठी जीव देतो. २००४ मध्ये 'एंटरप्राइज'च्या 'द फोर्ज' या भागात सेहलॅट प्रत्यक्ष मालिकेत अवतरतो. पहिले दोन्ही भाग फोंटाना यांनीच लिहिलेले, त्यामुळे सांधा कुठे दिसत नाही. दुसरं उदाहरण कॅप्टन कर्कच्या मधल्या नावाचं. 'टायबेरियस' हे नाव पडद्यावर पहिल्यांदा १९७४ च्या 'बेम' या अ‍ॅनिमेटेड भागात उच्चारलं गेलं आणि १९९१ च्या सहाव्या चित्रपटात ते आलं.

चूक होते ती सगळंच एका पारड्यात टाकल्यामुळे. त्या मालिकेत अवकाशात जाताना कुणी स्पेससूट घालत नाही. कमरेला पट्टा असतो आणि अंगाभोवती पिवळसर झळाळी. कारण सरळ आहे: स्पेससूट घातला की प्रत्येक पात्राचं चालणं-धावणं नव्याने काढावं लागतं, तर झळाळीची रेघ असेल तर नेहमीच्या गणवेशातली जुनीच चित्रं पुन्हा वापरता येतात. हा निर्णय पैशाने घेतलेला आहे, कथेने नाही. पुढच्या मालिका स्पेससूटवरच राहिल्या आणि ते बरोबरच झालं. म्हणून रकाने भरताना प्रत्येक गोष्टीपुढे 'कथेसाठी' की 'खर्चासाठी' अशी खूण करा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

बोरिवलीकर

'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स' (२००८ ते २०२०) ही उसवण्याची कसोटी पहिल्या झटक्यात पार करते. डार्थ मॉल १९९९ च्या चित्रपटात कमरेतून दोन तुकडे होऊन पडतो. २०१८ च्या 'सोलो'मध्ये तो शेवटी जिवंत उभा! फक्त चित्रपट बघणारा माणूस इथे हमखास अडखळतो. उत्तर आहे २०१२ मधल्या 'ब्रदर्स' आणि 'रिव्हेंज' या दोन भागांत, चौथ्या हंगामाच्या शेवटी. प्रत्यक्ष अभिनयाच्या 'मँडलोरियन' मालिकेतली काळी डार्कसेबर तलवारसुद्धा 'क्लोन वॉर्स'मधूनच आली.

पण अडचण क्रमाची आहे. भाग प्रसारित झाले त्या क्रमाने कथा घडत नाही. कालक्रमाने बघायचं तर सुरुवात अशी: दुसऱ्या हंगामाचा १६वा भाग, मग पहिल्याचा १६वा, मग २००८ चा चित्रपट, मग तिसऱ्याचा १ला आणि ३रा, आणि त्यानंतर पहिल्या हंगामाचा १ला. हे विचित्र वाटतं, पण 'रूकीज' (पहिल्या हंगामाचा ५वा) बघा म्हणजे कारण कळेल. त्यात हेवी नावाचा क्लोन सैनिक मरतो. त्याचं प्रशिक्षण, त्याचे मित्र, त्याची चिडचिड हे सगळं 'क्लोन कॅडेट्स'मध्ये आहे, म्हणजे तिसऱ्या हंगामाच्या १ल्या भागात. प्रसारणाच्या क्रमाने गेलात तर तो आधी मरतो आणि ओळख दोन वर्षांनी होते.

सगळे १३३ भाग बघायला वेळ नसेल तर दहा पुरतात: तिसऱ्याचा १ला, पहिल्याचा ५वा, सहाव्याचे १ ते ४ आणि सातव्याचे ९ ते १२. क्लोन सैनिक आपल्याच जेडायांवर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली लढले त्या योद्ध्यांवर, बंदुका रोखतात हे २००५ चा चित्रपट दाखवतो, पण कारणापर्यंत जात नाही. सहाव्या हंगामातले ते चार भाग डोक्यातल्या चिपपर्यंत नेतात. एकूण साधारण चार तास, म्हणजे बोरिवली-चर्चगेट फास्टमध्ये जाता-येता अडीच दिवसांचं काम. रात्रीची दृश्यं फारच काळोखी आहेत, फोनचा ब्राइटनेस वाढवूनच बघा.

अंधेरीहून, हिंदी डबिंगच्या संहिता

संहितेच्या टेबलावर 'घरचा की नाही' हा प्रश्न फार लवकर येतो, कारण नावं जुळवावी लागतात. प्रत्येक विश्वासाठी नावांचा एक तक्ता असतो: मूळ नाव, देवनागरी लेखन, उच्चार, आणि कोण कुणाला तू म्हणतं, तुम म्हणतं की आप. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. इंग्रजीत 'यू' म्हणून सुटता येतं, आपल्याकडे सुटता येत नाही. 'क्लोन वॉर्स'मधली गुरू-शिष्येची जोडी घ्या. अहसोका अ‍ॅनाकिनला 'मास्टर' म्हणते तेव्हा तिथे 'आप' हवं. तो तिला 'स्निप्स' म्हणून चिडवतो तिथे 'तुम'ची जवळीक हवी. अ‍ॅनिमेटेड मालिकेत हे एकदा ठरलं की काही वर्षांनी तीच पात्रं प्रत्यक्ष अभिनयात आली तरी तेच नातं पाळावं लागतं. वेगळ्या टीमने जुना तक्ता न मागवता काम केलं तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गुरू-शिष्य परके झाल्यासारखे वाटतात.

दुसरी अडचण ओठांची. चित्रात तोंडाचे ठरावीक सात-आठ आकार फिरतात आणि पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबात १२ चित्रं. प, फ, ब, भ, म यांपैकी अक्षर थोडं मागेपुढे झालं तरी खपून जातं. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र ओठ मिटले की मिटले. त्यामुळे अ‍ॅनिमेशनमध्ये बसलेलं घोषवाक्य नटाच्या तोंडी जसंच्या तसं बसेलच असं नाही. अशा वेळी शब्द राखा आणि वाक्याची लांबी बदला. शब्द बदलला की पाहणाऱ्याला जुना धागा सापडत नाही.

गोरेगावहून, कॅरेक्टर डिझाइन

चित्रातलं पात्र माणसाने साकारलं की शाखा किती पक्की आहे ते दिसतं. अहसोकाच्या डोक्यावरून खाली लोंबणाऱ्या शेपट्या 'रेबेल्स' या अ‍ॅनिमेटेड मालिकेत लांबलचक आहेत, २०२० च्या 'मँडलोरियन'मध्ये आखूड. चित्रात त्यांना वजन नसतं. प्रत्यक्षात तो जोडलेला तुकडा घालून मान वळवायची, उडी मारायची, तलवार फिरवायची. लांबी कमी केली, पण कपाळावरच्या पांढऱ्या खुणा आणि शेपट्यांवरचे पट्टे सोडले नाहीत. पाहणारा पात्राला ओळखतो ते खुणांवरून, मापावरून नाही.

याहून धीट प्रयोग 'स्टार ट्रेक'च्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या प्रत्यक्ष अभिनयाच्या मालिकेतल्या २०२३ च्या 'दोज ओल्ड सायंटिस्ट्स' या भागात झाला. 'लोअर डेक्स' या विनोदी कार्टून मालिकेतले बॉइमलर आणि मॅरिनर प्रत्यक्ष रूपात आले आणि त्यांना आवाज देणारे जॅक क्वेड आणि टॉनी न्यूसमच पडद्यावर उतरले. बॉइमलरचे जांभळे केस तसेच ठेवले. डोळ्यांचे मोठे गोल मात्र आणले नाहीत. म्हणजे केसांचा रंग ही त्या जगातली वस्तुस्थिती, आणि डोळ्यांचा आकार ही चित्रकाराची शैली. हा फरक ज्यांनी डोळसपणे केला त्यांनी तो विनोदी कार्टून म्हणून बाजूला टाकलेला माल मूळ घरात मानाने बसवला. फार मोठं काम आहे ते.

धागाकर्ता

आपल्याकडची उदाहरणंही येऊ द्या.

पार्लेकर

दोन आहेत, उलट्या टोकांची. २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' आला. लहानपणीच मुखवटा घालून लढणारा क्रिश. आता २००६ चा 'क्रिश' आठवा. कृष्णाची शक्ती जगाला कळू नये म्हणून आजी त्याला डोंगरातल्या गावात लपवून वाढवते. मुखवटा आणि 'क्रिश' हे नाव त्याला मोठेपणी सिंगापुरात मिळतं, सर्कशीला आग लागते तेव्हा. लहानपणीच तो मुखवटा घालून फिरत असेल तर आजीच्या सगळ्या भीतीला अर्थ उरत नाही आणि सिंगापूरचा प्रसंगही पोकळ होतो. इथे शाखा काढल्याने नाही, जोडल्याने कथा उसवते. मुलांना ते भाग खुशाल दाखवा, त्यांना मजा येते. पण चित्रपटाचा आधीचा भाग म्हणून सांगू नका.

दुसरं 'बुज्जी अँड भैरवा'. दोनच भाग, ३१ मे २०२४ ला आले, आणि 'कल्की २८९८ एडी' २७ जूनला. भैरव आणि त्याची बोलकी गाडी बुज्जी यांची जोडी कशी जमली एवढाच विषय. चित्रपटातल्या कुठल्याच गोष्टीला धक्का लागत नाही, उलट गाडी आणि माणूस यांच्या भांडणातली माया आधीच कळलेली असते. पण हे भाग नसते तरी चित्रपट उभाच राहिला असता. म्हणून धागाकर्त्यांच्या कसोटीत मला एक खाना वाढवावासा वाटतो: काढल्याने काही अडत नाही, जोडल्याने काही बिघडत नाही. पाहुणा, पण आपल्या माणसांतला.

दादरहून

एकाच संग्रहातला अर्धा माल घरचा आणि अर्धा पाहुणा असू शकतो. 'अ‍ॅनिमॅट्रिक्स'मध्ये (२००३) नऊ लघुपट आहेत. त्यांतला 'फायनल फ्लाइट ऑफ दी ओसायरिस' हा 'मॅट्रिक्स रीलोडेड'च्या आधीच बघायला हवा, कारण माणसांच्या झायन शहरावर यंत्रांची फौज चालून येते आहे ही बातमी ओसायरिस जहाजच पाठवतं. 'रीलोडेड'मध्ये जहाजाचं फक्त नाव येतं. 'किड्स स्टोरी'चंही तसंच: नायक निओच्या मागे मागे फिरणारा तो मुलगा कोण, ते तिथे कळतं. 'वर्ल्ड रेकॉर्ड' किंवा 'बियाँड' मात्र सुटे सुटे बघितले तरी काही चुकत नाही. दाखवायचे असतील तर क्रम असा लावा: १९९९ चा चित्रपट, 'सेकंड रेनेसाँ'चे दोन्ही भाग, 'किड्स स्टोरी', 'ओसायरिस', मग 'रीलोडेड'. उरलेले पाच नंतर कधीही.

गिरगावकर

मंडळी, कसोटी चांगली आहे, पण एका ठिकाणी ती उलटी लागते आणि ते ठिकाण टाळून चालणार नाही. २००३ ते २००५ मध्ये गेंडी टार्टाकोव्हस्कीची 'क्लोन वॉर्स' ही वेगळी, हाताने रेखाटलेली मालिका आली होती, २५ छोट्या प्रकरणांची. पंचविसाव्या प्रकरणात अर्धा यंत्र असलेला खलनायक जनरल ग्रीव्हस चॅन्सलर पॅल्पटिनला पळवून नेत असतो आणि जेडाय मेस विंडू लांबूनच मूठ आवळून त्याची छाती चेपतो. पत्रा आत जातो, तो वाकतो आणि खोकायला लागतो. २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये तो सुरुवातीपासून खोकतच येतो. प्रकरण संपतं आणि चित्रपट तिथूनच सुरू होतो, इतकी ती मिळवणी घट्ट होती.

एप्रिल २०१४ मध्ये 'स्टार वॉर्स'ची निर्माती कंपनी लुकासफिल्मने जुना विस्तार 'लेजेंड्स' म्हणून बाजूला काढला. २००८ ची मालिका आत राहिली, ही बाहेर गेली. चित्रपटातला खोकला तसाच राहिला, त्याचं कारण गेलं. म्हणजे उसवलं, तरी अधिकृत कागदावर ती घरची नाही! माझ्या मते इथे कागद चुकला. ज्या मालिकेने पुढच्या चित्रपटाचा श्वास आधी ऐकवला तिला परकी म्हणणं मला मान्य नाही.

बोरिवलीकर

गिरगावकर, खोकल्याचं पटलं. पण ती मालिका परत आत घेताना नेमकं कुठे अडतं तेही सांगतो. राजधानीच्या कोरुसँट ग्रहावर हल्ला होतो तेव्हा २००५ च्या प्रकरणांत अ‍ॅनाकिन आणि ओबी-वान नेल्व्हान ग्रहावर आहेत आणि तिथून परत येतात. २०२० च्या सातव्या हंगामाच्या ९व्या भागात तेच दोघं येरबानाची लढाई उरकून अहसोकाला भेटतात आणि तिच्यासमोरून कोरुसँटकडे निघतात. एकाच वेळी दोन जागी ते असू शकत नाहीत. त्यामुळे अख्खी प्रकरणं आत घेता येत नाहीत. सातव्या हंगामाचा ९वा भाग दोघं निघेपर्यंत बघा, थांबवा, पंचविसावं प्रकरण लावा (पंधरा मिनिटांच्या आतलं आहे), लगेच 'रिव्हेंज ऑफ द सिथ' सुरू करा. उरलेला ९वा आणि पुढचे तीन भाग चित्रपटानंतर. नेल्व्हानचा भाग गाळला जातो. मूठ, पत्रा आणि खोकला मात्र जागच्या जागी बसतात.